पाच रेघांचा फरक

बाजारकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावर त्यांचं घर, म्हणून टेकडीवर राहणाऱ्या मित्राने ते त्यांना चिकटवलं. मग बाजारकरांनी तरी का मागे राहावं? त्यांनी मित्राचा टेकडीकर करून टाकला. दोघांची खरी आडनावं आता विजेच्या बिलावर तेवढी उरली होती.

बाजारकरांनी उभी हयात चष्म्याच्या दुकानात काढली होती, टेकडीकरांनी शाळेत भूगोल शिकवण्यात. वेड मात्र दोघांना एकच, जहाजावरच्या जुन्या बॅरोमीटरचं. हवेचा दाब सांगणारं गोल, पितळी, जाड काचेचं यंत्र. दाब उतरला की वादळ जवळ आलं, चढला की हवा उघडणार, एवढं साधं त्याचं शास्त्र. आता जहाजांना त्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे ते लोकांच्या दिवाणखान्यात येऊन पडलंय. गंमत अशी, की या दोन दर्यावर्दींपैकी एकानेही जन्मात जहाजावर पाय ठेवला नव्हता. बाजारकरांना तर तळ्यातल्या होडीतही मळमळायचं.

त्यांची ओळखच मुळी भांडणातून झाली. एक जुनी जहाज कंपनी बंद पडली, तिच्या कचेरीतल्या सामानाचा लिलाव होता. एकाच बॅरोमीटरवर दोघांचे हात वर गेले, आणि हे दोघे एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघत असताना तिसऱ्याच माणसाने तो उचलला. तो माणूस हॉटेलं सजवायचा. मासे पकडायचं जाळं, प्लॅस्टिकचे खेकडे आणि मधोमध हा, असा त्याचा बेत होता. ‘चालतो का’ एवढंसुद्धा त्याने विचारलं नाही, भिंतीच्या रंगाला शोभेल का तेवढं विचारलं. तेव्हा या दोघांनी बाहेर येऊन चहा घेतला आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सामायिक शत्रूवर जेवढी मैत्री टिकते तेवढी सामायिक मित्रावर टिकत नाही, हे काही खोटं नाही.

तेव्हापासूनचा दोघांचा नेम असा. सकाळी चहा झाला की आपापल्या भिंतीवरच्या मुख्य यंत्राच्या काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची. अडखळलेला काळा काटा जरासा सरकून आपल्या जागी बसतो. तो आकडा वाचायचा. मग काचेवरची बारीक किल्ली फिरवून दुसरा, पितळी काटा नेमका त्या काळ्या काट्यावर आणून ठेवायचा, म्हणजे उद्या दाब चढला की उतरला ते लगेच कळतं. आणि मग टेकडीकरांनी मोबाइलवरून फोन करायचा.

टेकडी उंच, त्यामुळे तिथला दाब बाजारापेक्षा नेहमी कमी. फरक पाच रेघांचा. हवा कशीही असो, पाच. यंत्रांच्या पाठीमागे एक स्क्रू असतो, तो फिरवला की काटा हवा तिथे आणता येतो. दुकानदार हमखास फिरवतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी सगळं कसं छान दिसतं. या दोघांनी मात्र त्या स्क्रूच्या बाबतीत कानाला खडा लावला होता. आपण जिथे आहोत तिथली हवा यंत्राने सांगावी, आपल्याला बरं वाटेल ते नव्हे. स्क्रूला हात लावणारा माणूस त्यांच्या लेखी चोरच.

पहिली काही वर्षं टेकडीकर रविवारी खाली यायचे. बाजारकरांची बायको होती तोवर ती दोघांना समोरासमोर बसवून खायला घालायची आणि म्हणायची, ‘‘तुम्ही दोघं एकमेकांशीच लग्न करायला हवं होतं, माझी सुटका झाली असती.’’ मग ती गेली. मग बाजारकरांचे गुडघे गेले. टेकडीकरांचंही खाली येणं कमी होत होत थांबलं. उरला तो फोन. कधीकधी बाजारकरांच्या लक्षात यायचं, की सकाळच्या त्या फोनपासून दुसऱ्या सकाळच्या फोनपर्यंत आपण तोंडच उघडलेलं नाही. भाची रविवारी डोकावून जायची, तेवढा एक दिवस सोडला तर त्यांच्या घरात बोलणारं कुणी नव्हतं. भिंतीवर तेरा बॅरोमीटर होते, पण बॅरोमीटरला घड्याळासारखी टिकटिकसुद्धा नसते.

आणि अशात एका सकाळी टेकडीकरांचा आकडा चुकला.

‘‘किती म्हणालास?’’

‘‘सातशे साठ.’’

‘‘शक्य नाही. माझाच सातशे साठ आहे.’’

‘‘मग आनंद आहे,’’ टेकडीकर म्हणाले. ‘‘जन्मात एकदा तरी आपलं पटलं.’’

बाजारकर हसले नाहीत. ‘‘टिचकी मारलीस का नीट? परत मार.’’

‘‘मारली रे बाबा.’’

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोन्हीकडे एकच आकडा. टेकडीवर आणि बाजारात एकच हवा? बाजारकरांना जेवण जाईना. यंत्र बिघडलं म्हणावं, तर बिघडलेलं यंत्र असं रोज शिस्तीत बरोब्बर पाचच रेघा पुढे कशाला राहील? याला कारण एकच असू शकतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. शहाण्या माणसाला एकच कारण सुचलं की तो थांबतो, ही शहाण्यांची जुनी खोड आहे.

‘‘टेकडीकर, तू स्क्रू फिरवलास.’’



‘‘मी?’’

‘‘नाहीतर काय, काटा आपल्या पायांनी चालत पुढे गेला? आकडा चांगला दिसावा म्हणून फिरवलास. आता गळ्यात पाटी घाल आणि दुकान टाक.’’

‘‘बाजारकर, तोंड सांभाळून बोल.’’

‘‘खोटं बोलणाऱ्यासमोर कशाला सांभाळू?’’

फोन बंद झाला. बाजारकर जरा वेळ ताठ मानेने उभे राहिले. आपण तत्त्वासाठी उभे आहोत असं वाटत असताना माणूस असाच उभा राहतो. मग गुडघे दुखायला लागले, तेव्हा ते बसले.

दुसऱ्या सकाळी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. बाजारकरांनी टिचकी मारली, काटा वाचला, पितळी काटा त्यावर ठेवला, आणि आकडा सांगायला कुणी नाही म्हणून तो स्वतःलाच मोठ्याने सांगितला. आवाज घोगरा निघाला. खाली चपलांच्या दुकानात जाऊन ते उगाच एका चपलेची चौकशी करून आले. दुकानदाराने दोन जोड काढून दाखवले तर यांना काय बोलावं सुचेना, म्हणून घ्यायचे नसताना एक जोड घेतला.

रविवारी भाची आली. ओल्या फडक्याने ती यंत्रं पुसायला लागली की एरवी बाजारकर घर डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी ते गप्प बसले, तेव्हाच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

‘‘टेकडीवाल्या मामांशी भांडलात ना?’’

‘‘त्याने लबाडी केली.’’

‘‘मग तुम्ही फोन करा.’’

‘‘मी का करू? चूक त्याची आहे.’’

‘‘मामा, तुम्हाला आणखी मित्र किती आहेत?’’

फडक्याचं पाणी यंत्राच्या कडेने ओघळत होतं, ते बाजारकरांनी पुसलं नाही.

शेवटी फोन आला, तो टेकडीकरांचाच.

‘‘सातशे चोपन्न,’’ टेकडीकर म्हणाले.

बाजारकरांनी भिंतीकडे पाहिलं. सातशे एकोणसाठ. पाच रेघांचा फरक जागच्या जागी!

‘‘फिरवला होता,’’ टेकडीकर खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘परत होता तिथे आणला.’’

‘‘पण फिरवलास का?’’

‘‘म्हातारचळ, दुसरं काय? सोड ना आता.’’

बाजारकरांना केवढा आनंद झाला! इतका की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला म्हणून ते जरा जास्तच मोठेपणाने बोलले. ‘‘जा, माफ केलं. पण पुन्हा नाही हं.’’ पलीकडून टेकडीकर म्हणाले, ‘‘पुन्हा नाही.’’

फोन पूर्ववत सुरू झाले. फरक बघायचाच तर एवढाच होता, की पूर्वी आकडा टेकडीकरांच्या ओठांवर असायचा, आता जरा थांबून यायचा. मागे भांड्यांचे आवाज यायचे, बरीच माणसं बोलत असल्यासारखं वाटायचं. ‘‘रेडिओ आहे,’’ टेकडीकर म्हणायचे. बाजारकरांनी ते मनावर घेतलं नाही. गेलेला फोन परत आला होता, आणखी काय हवं?

एकच गोष्ट त्यांना सतावत होती. एकदा स्क्रू फिरवलेलं यंत्र अंदाजाने जागेवर येत नाही. दुसरं खात्रीचं यंत्र त्याच्या शेजारी धरून ते लावून घ्यावं लागतं. बाजारकर म्हणाले, ‘‘मी येतो वर, लावून देतो.’’ टेकडीकर म्हणाले, ‘‘तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही.’’ पुन्हा विचारलं तर म्हणाले, रंगकाम चाललंय. मग म्हणाले, सर्दी झालीय. बाजारकरांना वाटलं, बिचारा शरमलाय. माणसाला इतकं शरमवू नये. आपणच जाऊन उभं राहावं म्हणजे प्रश्न मिटला.

त्यांनी आपला सगळ्यात खात्रीचा बॅरोमीटर टॉवेलात गुंडाळला, भाजीच्या पिशवीत घातला आणि ते बसने टेकडीच्या पायथ्याशी आले. पुढे पायऱ्या. दर वळणावर ते टेकत, पिशवी उघडून टिचकी मारत. काटा खाली आला होता. पुढच्या वळणावर आणखी. या काट्याने त्यांना कधी फसवलं नव्हतं. एका बाईने त्यांना पिशवीत बोट घालून हसताना पाहिलं आणि ती जरा लांबून गेली. वर पोचले तेव्हा गुडघे बोंब मारत होते, पण काटा बरोब्बर पाच रेघा खाली आलेला होता. आता टेकडीकर काय म्हणतील, आपण काय म्हणू, हे ठरवत त्यांनी घंटी दाबली.

दार एका तरुण बाईने उघडलं. हाताला रंग लागलेला. बाजारकरांनी मित्राची चौकशी केली.

‘‘ते आजोबा ना?’’ ती म्हणाली. ‘‘घर आम्ही घेतलं. ते जाऊन दोनेक महिने झाले असतील. काका, तुम्ही आधी बसा बघू. धापा टाकताय.’’

बाजारकर बसले. तिने पाणी आणून दिलं. आजोबा पायऱ्यांवरून पडले होते म्हणे, मग मुलगा विमानाने आला, चार दिवसांत सगळं आवरलं आणि गेला. आजोबांना कुठल्याशा वृद्धाश्रमात ठेवलंय एवढंच तिला माहीत होतं. कुठल्या, ते तिने विचारलं नव्हतं.

‘‘सामान बरंच सोडून गेले,’’ ती म्हणाली. ‘‘ही घड्याळं आम्ही ठेवून घेतली. छान वाटतात ना?’’

सोफ्याच्या वरच्या भिंतीवर टेकडीकरांचे बॅरोमीटर एका रांगेत टांगले होते. पितळ घासून लखलखीत केलेलं. बाजारकर उठून जवळ गेले. सगळे काटे एकाच बाजूला, सगळे तबकडीवरच्या ‘स्वच्छ हवा’ या खुणेवर. त्यांनी सवयीने एका काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

‘‘ते चिकटवलेत,’’ बाई म्हणाली. ‘‘सगळे वेगवेगळीकडे तोंड करून होते, बरं नव्हतं दिसत.’’

एरवी बाजारकरांनी तिची खरडपट्टी काढली असती. पण ती वाईट नव्हती. पाण्याबरोबर तिने त्यांना उशीसुद्धा आणून दिली होती. ते फक्त मोजत राहिले. एक यंत्र कमी होतं, पांढऱ्या तबकडीचं, रोजच्या आकड्याचं. ते टेकडीकर घेऊन गेले होते.

पायऱ्या उतरताना त्यांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसत गेलं. त्या सकाळी दोघांचा आकडा एकच आला, कारण टेकडीकर टेकडीवर नव्हतेच. ते खाली होते, बाजारासारख्याच कुठल्यातरी सपाटीवर. यंत्र खरं बोलत होतं. स्क्रूला कुणी हात लावला नव्हता. ‘मी वरून कायमचा खाली येणार तो चार खांद्यांवरच,’ असं टेकडीकर छाती ठोकून सांगायचे. मुलाने त्यांना उचलून खाली ठेवलं हे सांगण्यापेक्षा त्यांनी चोर म्हणवून घेणं पसंत केलं. आणि तेव्हापासून रोज सकाळी हा माणूस अनोळखी लोकांच्या गजबजाटात बसून खऱ्या आकड्यातून पाच वजा करत होता, बाजारकरांना सांगण्यासाठी. आणि बाजारकरांनी त्याला माफ केलं होतं! ते आठवून त्यांना भर रस्त्यात आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला.

‘‘सातशे...’’ टेकडीकर थांबले. ‘‘सातशे बावन्न.’’

बाजारकरांच्या भिंतीवर सातशे सत्तावन्न. ‘बरोबर’ म्हटलं असतं तर सगळं आहे तसं चाललं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा तोंड उघडून त्यांनी हा आवाज घालवला होता, आणि ते दिवस कसे गेले ते त्यांनाच माहीत. पुन्हा गेला तर खालच्या दुकानदाराकडून आणखी किती चपला घ्यायच्या? त्यांना खरोखर भीती वाटत होती. पण ती वजाबाकी त्यांच्याच्याने आता ऐकवेना.

‘‘टेकडीकर,’’ ते म्हणाले, ‘‘त्यात पाच मिळव.’’

पलीकडे भांडी वाजत होती. कुणीतरी कुणाला तरी गोळ्या घ्यायला हाक मारत होतं.

‘‘मी काल वर जाऊन आलो.’’

फोन बंद झाला.

तो दिवस बाजारकरांनी फोनशेजारी काढला. उठून जेवले नाहीत. संध्याकाळी गल्लीतले दिवे लागले, त्यांनी घरातला लावला नाही. दुसऱ्या सकाळी चहा झाला, टिचकी मारून झाली, फोन वाजला नाही. या वेळी मात्र ते तत्त्वासाठी उभे राहिले नाहीत. त्यांनी स्वतः फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला. थांबला. परत लावला. शरम वाटेनाशी होईपर्यंत लावत राहिले.

‘‘सातशे छप्पन्न,’’ टेकडीकर म्हणाले. मध्ये जराही न थांबता.

‘‘माझाही,’’ बाजारकर म्हणाले.

बाजारकरांनी खुर्ची ओढून घेतली.

‘‘तू स्क्रू फिरवला नव्हतास,’’ बाजारकर म्हणाले. ‘‘मी नाही नाही ते बोललो, आणि तू ते खुशाल अंगावर घेतलंस.’’

‘‘ते सोपं होतं रे.’’

‘‘मला सांगायचं नाहीस?’’

‘‘काय सांगू? मुलाने घर विकलं? इथे चहा थंड देतात? तू मला टेकडीकर म्हणतोस, बाजारकर. या गावात आणखी कुणी म्हणत नाही.’’

बाजारकरांनी भिंतीवरच्या आपल्या यंत्राकडे पाहिलं. ‘‘यंत्र कुठे टांगलंयस?’’

‘‘भिंतीला खिळा मारू देत नाहीत इथे. खुर्चीवर ठेवलंय.’’

‘‘आणि कुणी आलं तर बसायचं कुठे त्याने?’’

‘‘कोण येतंय?’’

‘‘मी येतोय.’’

‘‘खुर्ची एकच आहे, तिच्यावर ते बसलंय, सांगितलं ना.’’

‘‘मी मांडीवर घेऊन बसेन त्याला.’’

टेकडीकर हसले की आणखी काय, ते नीट कळलं नाही. मग त्यांनी पत्ता सांगितला. गोदीमागे लाकडाच्या वखारी आहेत, त्यांच्या पलीकडे, पिवळं फाटक. ‘‘सकाळीच ये,’’ ते म्हणाले. ‘‘दुपारचं जेवण झालं की दारं लावतात. आणि फाटकावर विचारतील, कोण तुम्ही म्हणून. नात्यातलं माणूस असल्याशिवाय आत सोडत नाहीत.’’

‘‘मग मी काय सांगू?’’

‘‘भाऊ म्हणून सांग,’’ टेकडीकर म्हणाले. ‘‘आल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, तुमचं भेटायला येणारं कोण. तेव्हाच मी सांगून ठेवलंय, एक भाऊ आहे म्हणून.’’